दादाची छाती

"तुमचे भाऊ मृत आहेत," असं डॉक्टर म्हणाले आणि त्याच वेळी नर्स दादाच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, पाठ पुसतेय, जरा गार लागेल हं." दोघांच्याही आवाजात सारखाच मऊपणा होता. मी आधी डॉक्टरांकडे बघून मान हलवली, मग नर्सकडे बघून. म्हणजे दोघांनाही म्हटलं, बरं. त्यानंतर माझे पाय गळायला हवे होते, कुणीतरी खुर्ची पुढे करायला हवी होती. पण पाय जिथल्या तिथे होते, आणि मी त्या ‘आहेत’मध्ये अडकून उभा होतो. मृत आहेत. एखादे साहेब मीटिंगमध्ये आहेत, तसे दादा मृत आहेत. थांबता का, की नंतर येता. एरवी आमच्या घरात दादाला आदरार्थी बहुवचन फक्त वहिनी वापरायची, तेही भांडताना जास्त. नर्सने त्याला कुशीवर वळवलं. पाठीवर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता. तिने ओलं फडकं फिरवलं आणि तो वळ हळूहळू मावळला, जसा कुणाच्याही पाठीवरचा मावळतो. डॉक्टर निघून गेल्यावर मी तिला विचारलं, "ते असं म्हणाले, मग तुम्ही याला गार लागेल असं का सांगितलंत?" ती फडकं पिळत म्हणाली, "न सांगता कुणाची पाठ पुसली की माझ्याच हाताला कसंतरी होतं." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही चहा घेतलात का काही?" मला वाटलं हेही ती दादालाच विचारतेय, म्हणून मी गप्प राहिलो.

दादा लोकांना गाडी शिकवायचा. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारच्या सीटसमोर, शिकवणाऱ्याच्या पायाशी. इतकी वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून दादाचा उजवा पाय कामातून गेला होता. टीव्हीवर एखाद्या गाडीने जोरात वळण घेतलं की सोफ्यावर बसलेल्या दादाचा पाय गालिचा दाबायचा. आई कांदा चिरताना सुरी बोटाजवळ आली की दाबायचा. माझ्या लग्नाचा विषय निघाला की दाबायचाच. त्या दिवशी त्याच्याकडे एक बाई शिकत होत्या, पेशाने दंतवैद्य. दादा त्यांना म्हणाला, "आता हळू," आणि त्याने मान मागे टेकवली. बाईंना वाटलं, सर परीक्षा बघतायत. मग त्या अजिबात घाबरल्या नाहीत. आरसा बघितला, इंडिकेटर दिला, दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीत एका दमात गाडी मागे घेतली, जे त्यांना आजवर कधीच जमलं नव्हतं, हँडब्रेक ओढला आणि शाबासकीची वाट बघत बसल्या. दादाच्या डोक्यात रक्तवाहिनी फुटली होती. आयसीयूबाहेरच्या बाकावर त्या मला म्हणाल्या, "गाडी मी फार छान लावली होती हो," आणि रडायला लागल्या. मी म्हणालो, "सांगतो मी त्याला." हातातून सुटलेला कप फरशीवर पोचायच्या आधी आपण त्याच्याकडे जसं बघतो, तसं मी बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिलो. तो कप अजून फरशीवर पोचलेला नाही.

माझं काम सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी स्वतःच आधी हसतो. मालिकांमध्ये जी माणसं मेलेली असतात ती खरी मेलेली नसल्यामुळे श्वास घेतात. दिग्दर्शक ओरडतो, नट म्हणतो रोखला होता की, पण छातीवरची चादर हललेली असतेच. मग ते दृश्य माझ्याकडे येतं. मी छातीपुरता चौकोन कापून घेतो, त्यात एक ठिपका पकडतो, संगणकाला सांगतो की हा हलता कामा नये, आणि माणूस मरतो. आमच्या ऑफिसात याला ‘शांत करणे’ म्हणतात. "आत्याबाई शांत झाल्या का रे?" "सासरा अजून उडतोय, चॅनेलवाले बोंबलतायत." दादा माझी ओळख करून देताना म्हणायचा, "हा आमचा धाकटा. मेलेल्यांना मारतो." या धंद्यामुळे एक झालंय, मला श्वास कळतो. जिवंत माणसाचे दोन श्वास सारखे नसतात. एक पुरता भरतो, दुसरा अर्ध्यातच परततो, मध्येच आवंढा येतो, मग मागची भरपाई म्हणून एक मोठा. आणि श्वास रोखून पडलेल्या नटाइतकं जिवंत तर कुणीच दिसत नाही. म्हणून डॉक्टर बोलायच्या आधीच, काचेपलीकडून, मला कळलं होतं. व्हेंटिलेटरवर दादाची छाती वर जात होती आणि खाली येत होती, आणि प्रत्येक वेळी आधीच्या वेळेची हुबेहूब नक्कल होती. एकच श्वास कापून पुढे पुढे चिकटवत गेल्यासारखी. आजवर माझ्याकडे मेलेली माणसं यायची ती हलत नसावीत म्हणून. हा पहिलाच होता जो आधीच शांत झाला होता आणि हलत होता. मला भयंकर हसू आलं.

वहिनीला हे काही मान्य नव्हतं. वहिनी शाळेत गणित शिकवते. तिला उत्तर नुसतं सांगून चालत नाही, पायऱ्या लागतात. डॉक्टरांनीही पायऱ्या दाखवल्या होत्या. व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन ठेवायचा आणि माणूस आपणहून श्वास घेतो का ते बघायचं. मेंदूच्या बुडाशी जरा जरी जीव असेल तरी छाती उचलली जाते. ही तपासणी दोनदा झाली. दुसऱ्या वेळी वहिनीला पायाशी उभं राहू दिलं, स्वतः बघितलं तर पटेल म्हणून. आणि बघता बघता ती म्हणाली, "घेतला. आत्ता घेतला त्यांनी." डॉक्टर म्हणाले, "नाही हो बाई." नर्सनेही खाली बघत नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर ते ‘आहेत’ आलं. संध्याकाळी वहिनी दादाच्या तळव्याला क्रीम लावत होती, कारण हॉस्पिटलच्या हवेने टाचा फुटतात, तर त्याचा अंगठा सावकाश खाली वाकला आणि पुन्हा वर आला. वहिनी माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "भाऊजी, ब्रेक." डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी समजावलं, असं होतं, हे पाठीच्या कण्यातून येतं, मेंदूला विचारलेलंच नसतं. "मग?" वहिनी म्हणाली. "हे आयुष्यभर मेंदूला न विचारताच ब्रेक मारत आलेत." डॉक्टर माझ्याकडे मदतीसाठी बघायला लागले. काय मदत करणार? तिचं म्हणणं खरं होतं.

आईचं म्हणणं वेगळं होतं आणि ते एकाच वाक्याचं होतं, "त्याला आता दमवू नका गं." वहिनी म्हणाली, "तुम्हाला तुमचा मुलगा नकोय का?" आई म्हणाली, "मुलगा हवाय. हे नकोय." त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या, पण थर्मास एकच होता. त्याच बाकावर शेजारी शेजारी बसून एकच झाकण एकमेकींकडे द्यायच्या, दुसरीकडे बघत. कुणी नवं बघायला आलं की दोघी आपापल्या बाजूला सरकून त्याला मध्ये बसवायच्या, आणि त्या माणसाला एका कानाने कळायचं की दादा आहे आणि दुसऱ्या कानाने की दादा होता. मी होतो समोरच्या बाकावर. मला कुणी विचारत नव्हतं हे बरं होतं. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की मला अजून काही झालेलंच नाही, माझ्यापर्यंत बातमी आलेली नाही, ती रस्त्यात आहे. मग वहिनीने वकीलबाई गाठल्या आणि न्यायालयाने स्थगिती दिली, सुनावणीपर्यंत यंत्र काढायचं नाही. कागदावर दादाला काय म्हणायचं यावरून दोन्ही वकिलांचं जुंपलं. ‘रुग्ण’ म्हटलं तर हॉस्पिटल हरतं, ‘मयत’ म्हटलं तर वहिनी. शेवटी ‘संबंधित व्यक्ती’वर एकमत झालं. दादा कशाशी म्हणून संबंध ठेवायचा नाही. सोसायटीच्या सभेला जायचा नाही, मतदानाला आईने ढकलला तर जायचा. आता दोन वकील, एक न्यायाधीश आणि अख्खं हॉस्पिटल त्याला संबंधित धरून चाललं होतं, आणि तो तिकडे क्रीम लावलेल्या टाचांनी, गरम अंगाने, कशातच नसल्यासारखा पडला होता.

"ब्रेकवर केस उभी राहणार नाही," वकीलबाई म्हणाल्या, "श्वासाचा काही पुरावा आहे?" तेव्हा वहिनीने पर्समधून फोन काढला. तपासणीच्या वेळी चित्रण करायला बंदी होती, म्हणून तिने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून, ओढणीआडून, चोरून केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या ऑफिसात आली. आजवर कधी आली नव्हती. रांगेने लावलेले पडदे, त्यांवर वेगवेगळ्या घरांतली वेगवेगळी प्रेतं, आणि प्रत्येकासमोर हेडफोन लावून वेफर्स खाणारा एक एक मुलगा, हे सगळं बघून ती दारातच थांबली. मी तिच्यासाठी खुर्ची पुसली. ती बसली नाही. "भाऊजी, तुम्ही तज्ज्ञ आहात," ती म्हणाली. "बघा आणि सांगा. मी म्हणते म्हणून सांगू नका." आणि गेली, तिला नववीचा तास होता. मी चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. अंधूक, तिरकं, कडेला ओढणीची किनार. मी छातीपुरता चौकोन कापला. ठिपका पकडला. संगणकाला सांगितलं. हे सगळं मी केलं असं म्हणणंही बरोबर नाही, हातांनी केलं, मी अजून वहिनीच्या पाठमोऱ्या चालीत होतो. मागून आमचे साहेब जात होते, त्यांनी वाकून बघितलं आणि माझा खांदा थोपटला. "झकास शांत झालाय. कुठल्या मालिकेतला?" मी पडद्याकडे बघितलं. दादा शांत झाला होता. माझ्या हातून. मी म्हणालो, "नवीन आहे, सर." साहेब म्हणाले, "चेहरा चांगला आहे, पुढे चालेल."

मग मी केलेलं सगळं पुसलं आणि मूळ चित्रण लावलं, त्याच चौकोनात, हात मांडीखाली दाबून. छाती वर गेली. मी मागे नेलं, पुन्हा बघितलं. वर गेली, खाली आली, मग अर्धीच गेली, अडखळली, आणि मग एक मोठा, थरथरता, भरपाईचा. नक्कल नव्हती. कुठलंही यंत्र असा श्वास घेत नाही. हा श्वास कुठल्याही नटाचा असता तर मी शिव्या घालत अख्खी दुपार त्याच्यावर घालवली असती, इतका तो जिवंत होता. समोरच्या पडद्यावर कुणाची तरी सासू कॉफीच्या टेबलावर मरून पडली होती, तिचं नाकही हलत होतं, आणि मला एकदम वाटलं की सगळेच जिवंत आहेत, इतकी वर्षं मी जिवंत माणसं शांत करत आलोय, आणि हॉस्पिटलही तेच करतंय, फक्त त्यांच्याकडे मशीन मोठी. दादा पाच-सहा वर्षांचा आणि मी पाळण्यात असताना तो म्हणे माझ्या नाकाखाली बोट धरून बसायचा; आई विचारायची काय रे करतोस, तर म्हणायचा, चालू आहे का बघतोय. मी जिन्यात जाऊन वहिनीला फोन केला. नववीच्या वर्गाचा गोंगाट ऐकू येत होता. "आहे," मी म्हणालो. ती वर्गाला म्हणाली, "पुढचं गणित सोडवा," आणि मला म्हणाली, "न्यायाधीशांसमोर असंच सांगाल?" मी म्हटलं, "सांगेन." तीच माझी चूक होती. मी चौकोनाबाहेर बघितलं नव्हतं. बघत नाहीच मी; चौकोनाबाहेरचं जग माझ्या कामात कधी आलेलं नाही.

सुनावणीची खोली लहान होती आणि तिच्यात नव्या रंगाचा वास होता. न्यायाधीश चष्मा काढून माझ्याकडे बघायचे आणि चष्मा लावून कागदाकडे. "व्यवसाय?" त्यांनी विचारलं. "मेलेल्यांचे श्वास काढतो, साहेब." टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. "काढता म्हणजे?" "पुसतो. चित्रातले." "मग घालतही असाल." मी म्हणालो, "तो विभाग वेगळा आहे." हॉस्पिटलचे वकील टायच्या आड हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं की प्रश्न साधा आहे. श्वास दिसला तर स्थगिती राहील आणि बाहेरचे डॉक्टर सगळी तपासणी पुन्हा करतील. दिसला नाही तर संबंधित व्यक्तीला यंत्रावर ठेवण्याचं कारण उरत नाही, आज संध्याकाळी ते काढता येईल. आई भिंतीकडच्या खुर्चीवर होती. वहिनी माझ्या शेजारी, दोन्ही हात टेबलावर, बोटं खडूने कोरडी पडलेली. मी माझा लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि वकीलबाई म्हणाल्या, "पूर्ण चित्र दाखवा, कापलेलं नको, नाहीतर ते आक्षेप घेतील." म्हणून मी पूर्ण दाखवलं.

खोलीत कुणी हललं नाही. न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सगळे दादाच्या छातीकडे बघत होते आणि सगळ्यांनी आपापला श्वास रोखला होता. मला तो कळतो. छाती वर गेली. वकीलबाईंनी हलकेच टेबलावर बोट टेकवलं. खाली आली, अडखळली, आणि मग तो मोठा. आणि तेव्हा मला पलंगाचा कठडा दिसला. स्टीलचा कठडा वर गेला, खाली आला, अडखळला आणि मोठा श्वास घेतला. सलाईनचा स्टँड श्वास घेत होता. डॉक्टरांचं कोपर, भिंतीवरचा स्विच, नर्सच्या हातातला ट्रे, सगळी खोली एकजिवाने श्वास घेत होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण सगळे छातीकडे बघत होते, जसं मी बघितलं होतं. मला शेजारून तोच श्वास ऐकू आला. अर्धा, अर्धा, अडखळ, मग मोठा, थरथरता. वहिनी पडद्याकडे बघत होती. तिचा श्वास इतक्या दिवसांत असाच झाला होता, मी रोज थर्मासपलीकडून ऐकत होतो आणि मला तो ओळखू आला नव्हता.

मला काहीच बोलायची गरज नव्हती, हे पहिलं सुचलं. श्वास आहे असं म्हणणं खोटं नव्हतं. श्वास होताच, मोठ्या पडद्यावर होता. मी एक ‘हो’ म्हटलं असतं तर दादाची पाठ उद्याही कुणीतरी सांगून पुसली असती. बाहेरचे डॉक्टर आले असते, पुन्हा यंत्र काढलं असतं, पुन्हा वहिनी पायाशी उभी राहिली असती. ती पुन्हा म्हणाली असती, घेतला. तिने तो दर वेळी घेतला असता. मी आईकडे बघितलं. त्या खोलीत पडद्याकडे न बघणारी ती एकटीच होती, ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी मी निकाल घेऊन घरी यायचो तेव्हा बघायची तशी, काही न विचारता. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमच्या मते हा श्वास आहे?" "हो, साहेब," मी म्हणालो. वहिनीचे डोळे मिटले. "पण तो दादाचा नाही."

मग मी दाखवलं. दादाच्या छातीला मी हात लावला नाही, शपथेवर सांगतो; ठिपका फक्त कठड्यावर ठेवला आणि सांगितलं, हा हलू नये. कठडा थांबला, स्टँड थांबला, डॉक्टरांचं कोपर थांबलं, आणि त्या सगळ्यांबरोबर दादा थांबला. इतक्या सोप्या रीतीने मी आजवर कुणाला शांत केलं नव्हतं. खोली आता फोटोसारखी स्तब्ध होती आणि त्या स्तब्ध खोलीभोवतीची चित्राची काळी कड वर जात होती, खाली येत होती, अडखळत होती. न्यायाधीशांनी बराच वेळ बघितलं. "ही कड का हलते आहे?" "तो फोन आहे, साहेब. वहिनीने छातीशी धरला होता." टाईप करणाऱ्या बाईंनी हे टाईप करायचं का, म्हणून न्यायाधीशांकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते. मला वाटलं वहिनी उठेल, किंवा मला काहीतरी म्हणेल, आणि जे म्हणेल ते मी आयुष्यभर ऐकत राहीन. ती माझ्याकडे किंचित झुकली, वर्गात शेजारच्याला उत्तर विचारावं तशी.

"भाऊजी, म्हणजे तेव्हा आम्ही दोघं नव्हतोच तिथे. मी एकटीच होते."

डॉक्टर होते, नर्स होती, ट्रे धरलेला तिचा हात मला आत्ताही पडद्यावर दिसत होता.

"हो," मी म्हणालो.